चाळीस फॅटचं जनावर

कोल्हापूरपासून समुद्र नक्की किती लांब आहे हे आमच्या गल्लीत कुणालाच सांगता येणार नाही. गणपतीपुळ्याच्या सहलीत मलकापूर सुटून आंबा घाट लागला की निम्मी गाडी ओकते आणि उरलेली निम्मी डोळे मिटून घेते. डोळे उघडतात तेव्हा समोर समुद्रच असतो. अशा या गल्लीनं देवमाशांची शिकार थांबावी म्हणून जपानवर बहिष्कार टाकला आणि तो आजतागायत उठलेला नाही. यात माझा दोष किती, याबद्दल घरात दोन मतं आहेत. एक सगळ्यांचं, एक माझं.

मी सम्राट. नाव वडिलांनी ठेवलंय, मी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. लोकांच्या वाढदिवसाच्या फोटोंमधले डोळ्यांखालचे काळे डाग पुसणं हे माझं काम. माझी धाकटी बहीण स्वप्नाली सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं एके सकाळी मोबाईलवर देवमाशांच्या शिकारीचा माहितीपट पाहिला आणि ती भाकरीवर रडायला लागली. घरात कुणी रडायला लागलं की मला काहीतरी शहाणपणाचं बोलावंसं वाटतं. मी म्हणालो, "रडून काय होणाराय? त्यांच्या मालावर बहिष्कार टाक."

एवढंच. माझा या प्रकरणातला सहभाग इतकाच होता, असं मी सुरुवातीचे दोन दिवस म्हणत होतो.

स्वप्नालीनं दुपारपर्यंत यादी केली. देवमासे मारणारे देश तीन: जपान, नॉर्वे, आइसलँड. मग ती वही घेऊन घरोघरी फिरली, कुणाकडे या देशांचं काय आहे ते बघायला. जपानचं नाव कुठल्याच लेबलावर दिसलं नाही, आइसलँडचं तर गल्लीत काहीच निघालं नाही. माझ्या अरुणाकाकूंनी फ्रीजमधला बर्फ दाखवला, पण तो धरता आला नाही. नॉर्वेची मात्र एक बाटली सापडली. शेजारचे बापूसो मगदूम, ज्यांना आम्ही बापूसोअण्णा म्हणतो, त्यांच्या सांधेदुखीसाठी मुलानं परदेशातून पाठवलेल्या पिवळ्या गोळ्या. स्वप्नालीनं लेबल वाचलं.

"अण्णा, ह्या नॉर्वेच्या आहेत."

"असू दे की. गुण चांगला हाय."

"माशाच्या लिव्हरचं तेल आहे यात."

बापूसोअण्णा जैन. अंधार पडायच्या आत जेवणारे, कांदासुद्धा न खाणारे. त्यांनी हातातली बाटली पाटावर ठेवली, दोन मिनिटं तिच्याकडे बघितलं, आणि मग तीन दिवस उपवास केला. मुलाशी ते अजून फोनवर फक्त हवापाण्यावर बोलतात. आमच्या चळवळीचा हा पहिला विजय. देवमाशाला त्याचा काय उपयोग झाला ते कळलं नाही, पण अण्णांनी आमच्या घराकडं बघायची नजर बदलली, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

खरा घोळ झाला तो मंडळाच्या कट्ट्यावर. संध्याकाळी डेअरीला दूध घालून परतणारे लोक रिकाम्या किटल्या घेऊन तिथं टेकतात. स्वप्नाली त्यांच्यापुढे भाषणाला उभी राहिली. मी मागे उभा होतो, म्हणजे तिला पाठिंबाही होईल आणि पटकन निघताही येईल.

"देवमासा हा मासा नाही," ती म्हणाली. कुणी मान वर केली नाही. "तो फुफ्फुसानं श्वास घेतो." केरबानं जांभई दिली. केरबा हा आमच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, वय अठ्ठेचाळीस, धंदा मांडव डेकोरेशनचा. "मादी अकरा महिने गाभण राहते आणि पिलाला दूध पाजते."

"दूध?" माझ्या हंबीररावकाकांनी तंबाखू मळायची थांबवली. "समुद्रात?"

"होय काका."

"फॅट किती लागतंय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे दूध डेअरीत गेलं की आधी फॅटच्या यंत्राला लागतं, आणि यंत्र जो आकडा दाखवेल त्यावर त्या घराची दिवसभराची मान किती ताठ राहणार ते ठरतं. काकांच्या मोनाला साडेसात लागतं. मोना म्हणजे म्हैस. काकूंना मुलगी झाली तर मोना नाव ठेवायचं होतं, दोन्ही वेळा मुलगे झाले, मग ते नाव वाया जाऊ नये म्हणून म्हशीला दिलं. साडेसातवर काका गल्लीत छाती काढून चालतात.

"चाळीस," स्वप्नाली म्हणाली.

कट्ट्यावर अशी शांतता मी फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी अनुभवली होती.

"चाळीस?" केरबा म्हणाला. "चारावर शून्य?"

"काही जातींत त्याहून जास्त."

काका उठून उभे राहिले. त्यांचा उजवा गुडघा गेलेला आहे, त्यामुळे ते सहसा उठत नाहीत. "चाळीस फॅटचं जनावर," ते म्हणाले, "आन् ते मारत्यात?"

"होय काका."

"दुभतं?"

"कधी कधी दुभतंसुद्धा."

"आरं, त्यांच्यात कोण जाणतं माणूस हाय का न्हाय?"

हा प्रश्न जपानला होता, पण सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काका तसेच लंगडत कट्ट्यामागच्या भिंतीतल्या देवळीपाशी गेले, जोतिबाचा गुलाल मुठीत घेतला आणि म्हणाले, "आजपासनं माझ्या घरात जपानची वस्तू चालणार न्हाय. ही शिकार थांबंपतोर न्हाय. आन् गल्लीनंबी तसंच वागावं."

गुलाल उचलून शपथ घेतली की विषय संपतो. वर अपील नाही. काकांनी तो इतक्या निर्धास्तपणे उचलला कारण आपल्या घरात जपानचं काही नाही अशी त्यांची खात्री होती. अरुणाकाकू समोरच्या दारातून एवढंच म्हणाल्या, "तीस वर्षांत माझ्यासाठी येक शपथ घेतली न्हाय ह्या माणसानं. देवमाशाचं नशीब जोरावर हाय."

दुसऱ्या दिवशी केरबा दुकानात आला. निषेधाचा फ्लेक्स. वर ठळक अक्षरांत: ‘चाळीस फॅटच्या मुक्या जनावराची हत्या करणाऱ्या जपानचा जाहीर निषेध’. खाली मंडळाच्या अडतीस कार्यकर्त्यांचे फोटो. मधे केरबा, गॉगलसहित. देवमाशाला कोपऱ्यात लिंबाएवढी जागा उरली.

"केरबाभाऊ, देवमासा जगातला सगळ्यात मोठा प्राणी आहे."

"असंल की. खरं त्यो मंडळात न्हाय."

"खाली ‘शुभेच्छुक’ आलंय. निषेधाला शुभेच्छुक कसं चालेल?"

"मग काय तरी दुसरं टाक. पोरांची नावं पायजेत."

मी नावं टाकली. त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. फ्लेक्स छापून बाहेर येत होता तेव्हा मी मशीनच्या मागे वाकलो, आणि तिथं एक पत्र्याची पट्टी होती, त्यावर मशीन कुठं तयार झालं ते लिहिलेलं होतं. नॉर्वे नव्हे. आइसलँडही नव्हे. मी त्या पट्टीवर चिकटपट्टी लावली आणि चहाला गेलो.

मग निवेदन. आमच्याकडे निषेध झाला आणि निवेदन दिलं नाही तर तो निषेध धरत नाहीत. कुठल्या कचेरीत गेलो ते सांगत नाही, कारण मला अजून तिथून एक दाखला काढायचाय. मी, स्वप्नाली आणि काका गेलो. पहिल्या टेबलावरच्या साहेबांनी कागद वाचला. "मासा म्हणजे मत्स्य. त्या टेबलावर." त्या टेबलानं सांगितलं, "बाई, तुम्हीच लिहिलंय मासा नाही म्हणून. सस्तन असेल तर जनावरांच्या टेबलावर." जनावरांच्या टेबलावरच्या बाईंनी आपुलकीनं कागद ओढून घेतला, कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं आणि विचारलं, "कानातल्या बिल्ल्याचा नंबर?"

"कुणाच्या?"

"जनावराच्या. बारा आकडी असतोय. त्याशिवाय पुढचा रकाना उघडत न्हाय."

"मॅडम, तो पॅसिफिक महासागरात आहे," मी म्हणालो.

"मग तिथल्या डॉक्टरकडनं मारून आणा. आणि मालकाचं आधार."

काका पुढं झाले. "बाईसाहेब, त्येला मालक न्हाय. म्हणून तर मारत्यात."

बाईंनी कीबोर्ड बाजूला सारला. मग त्यांनी आमच्या प्रतीवर ‘पोहोचले’ असा शिक्का मारून दिला. रकाना उघडला नाही ते नाहीच. परत येताना काका तो शिक्का बघत होते. मला वाटलं, झालं, संपलं. फ्लेक्स लागला, निवेदन गेलं, आता दिवाळी.

पण बापूसोअण्णांचा उपवास संपला होता.

ते सकाळी काकांच्या गोठ्यापाशी आले, मोनाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि कोपऱ्यातल्या काकांच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलकडे बोट दाखवून म्हणाले, "हंबीरराव, ही कुठली?"

"ही? कोल्हापूरची," काका म्हणाले. "पासिंग बघा की. एमएच-झिरो-नऊ."

"इंजिन कुठलं?"

काका हसले. मग अण्णांचं बोट तिथंच राहिलं तसे हसायचे थांबले. मी तिथंच होतो, मला खाली वाकायला सांगितलं. मी इंजिनाच्या पोटाखालचं वंगण बोटानं पुसलं. अक्षरं लोखंडातच ओतलेली होती, त्यामुळे चिकटपट्टीचा प्रश्न नव्हता.

"काय लिवलंय?"

मी आयुष्यात इतक्या हळू आवाजात कधी वाचलं नव्हतं.

इथं पाडव्याचं सांगायला हवं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, अंगावर नक्षी काढायची, गळ्यात घुंगरं, आणि मालकानं सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर पुढं सुटायचं. म्हैस गाडीच्या आवाजाला ओळखते आणि मागोमाग धावते. शंभर गाड्या फटफटत असल्या तरी तिला आपलीच ऐकू येते. मोना नऊ वर्षं त्या एका गाडीमागं धावली होती. आणि काकांचा गुडघा दिवाळीनंतर बदलायचा होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, त्यानंतर किक मारायची नाही. म्हणजे हा शेवटचा पाडवा. काकांनी मोनाच्या शिंगांचा रंग दसऱ्यालाच आणून ठेवला होता.

काकांनी गाडीवर पोतं टाकलं. "गुलाल उचललाय," म्हणाले.

पाडव्याला बारा दिवस होते.

स्वप्नालीलाच आधी राहवलं नाही. "काका, एक दिवस चालवा. एका दिवसानं काही होत नाही. मी सांगते ना."

"मारणारं येक दिस सुट्टी घेत्यात काय?" काका म्हणाले.

"काका, गाडी करणाऱ्यानं देवमासा बघितलासुद्धा नसेल," मी म्हणालो.

"मी तरी कुठं बघितलाय?"

मी दुकानात गेलो आणि रोज त्या मशीनवर सात फ्लेक्स छापत राहिलो.

बाकी सगळ्यांनी सल्ले दिले. एक म्हणाला गाडीला भगवा रंग द्या म्हणजे ती स्वदेशी होईल. एक म्हणाला म्हशीला दुसऱ्या गाडीची सवय लावा. मी माझी स्कूटर नेली. मोना जागची हलली नाही. केरबानं त्याची मोठी गाडी आणली, कर्णा वाजवला, मोनानं रवंथ थांबवला नाही. मग मला कल्पना सुचली. गेल्या पाडव्याचा व्हिडिओ माझ्याकडे होता, त्यात गाडीचा आवाज होता. स्पीकर स्कूटरला बांधला आणि मैदानात तो आवाज सोडला. मोनानं कान टवकारले, दावं तोडलं आणि धावत आली. माझे डोळे भरून आले. ती स्कूटरला एक फेरी मारून थांबली, स्पीकर हुंगला, माझ्याकडे बघितलं, आणि पाठ वळवून गोठ्यात निघून गेली. मला यापूर्वी एका मुलीनं नाकारलं होतं, पण तिनं निदान कारण दिलं होतं.

काका आता कट्ट्यावर येत नव्हते. डेअरीतून परस्पर घरी. फॅट विचारलं तर "हाय की" एवढंच. काकू मला वाढताना पातेलं जरा जोरात ठेवायच्या.

या सगळ्यात केरबानं ठरवलं की पाडव्याच्या मिरवणुकीत देवमाशाचा देखावा काढायचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, बांबूचा सांगाडा आणि काळी ताडपत्री. केरबानं वीस वर्षं मांडव घातलेत, पण देवमासा घातलेला नव्हता. मी गेलो तेव्हा निम्मा झाला होता. त्याला दोन मोठे कान होते.

"केरबाभाऊ, देवमाशाला असले कान नसतात."

"मग ऐकणार कशानं?"

स्वप्नालीनं मोबाईलवर फोटो दाखवले. तेवढ्यात काका आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कशातरी रस घेतला. ट्रॉलीभोवती फिरले आणि म्हणाले, "कास कुठाय?"

"काका, तिची कास आत असते. नुसत्या दोन फटी," स्वप्नाली म्हणाली.

"आतलं लोकास्नी कसं दिसणार?" केरबा म्हणाला.

"दुभतं जनावर हाय, बाळ," काका तिला समजावत म्हणाले. "कास दिसाय पायजे. न्हायतर निषेध कशाचा ते कळत न्हाय."

चार सड असलेला देवमासा संध्याकाळपर्यंत तयार झाला. स्वप्नाली त्याच्याकडे पाठ करून पायरीवर बसली. मी तिला म्हणालो, मोर्चात थोडं इकडंतिकडं होतंच. ती म्हणाली, "दादा, तू आता काही सुचवू नकोस."

पाडव्याच्या दुपारी रस्ता दोन्ही बाजूंनी भरला होता. गाड्या फटफटत होत्या, धूर झाला होता, एकेक म्हैस नवरीसारखी नटून धावत होती. मोनाला आम्ही सजवलं होतं, शिंगं निळी, गळ्यात नवी घुंगरं, पण ती रस्त्याकडेला उभी होती आणि काका तिचं दावं धरून तिच्याशेजारी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, फेटा, काठी. ओळखीचे लोक गाडीवरून जाताना विचारायचे, "हंबीरराव, गाडी कुठाय?" काका समोर बघत राहायचे. मी शेजारी उभा होतो आणि कुठंतरी लांब चंदगडकडं बदली होऊन जावं असं मला वाटत होतं. फ्लेक्सच्या दुकानात बदली नसते.

मग देवमासा आला. ट्रॅक्टरवर केरबा, मागे ट्रॉलीत ते काळं, कानवालं, सडवालं धूड, वाऱ्यानं पोट हलवत. लोक हसले. देवमासा आमच्यापुढून गेला आणि मोनानं मान उचलली.

नाक फेंदारलं. पाय रोवले. आणि काकांच्या हातातून दावं निसटलं.

ती धावली. नऊ वर्षांत कधी धावली नसेल तशी, घुंगरं उधळत, देवमाशाच्या शेपटीपासून हातभर अंतरावर. लोक ओरडले. मी आणि दोघांनी काकांना काखेत धरून पळवलं आणि ट्रॉलीच्या फळीवर चढवलं. काका देवमाशाचा कान धरून उभे राहिले, फेटा सुटला, आणि त्यांनी नेहमीसारखी आरोळी ठोकली, "हुर्रर्र मोनाऽऽ!"

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या चौकात आणखी तीन म्हशी आपापल्या गाड्या सोडून देवमाशामागं लागल्या. मग सात. मालक गाड्या फटफटवत पुढं निघून गेले होते. वळून बघतात तर मागं म्हैस नाही. ते परत आले तेव्हा अख्खी मिरवणूक देवमाशामागं चालली होती. शिव्या सुरू झाल्या. त्या मात्र बऱ्याचशा जपानला नव्हत्या.

मी ट्रॉलीला लोंबकळत होतो, त्यामुळे मला खालचं दिसलं. ताडपत्रीची शिवण उसवली होती आणि आतून सरकी पेंडीची धार रस्त्यावर पडत होती. मी उतरून ट्रॅक्टरशेजारी केरबापाशी गेलो. तो माझ्याकडं वाकून कुजबुजला, "वाऱ्यानं उडाय नको म्हणून आत चार पोती घातल्यात. तुझ्या काकांच्याच गोठ्यातली. बोलू नगंस."

मोना आपल्या रोजच्या पेंडीमागं धावत होती.

गर्दी ओसरली तेव्हा काका ट्रॉलीवरून उतरले. मोनाच्या गळ्यात हात टाकून उभे राहिले. त्यांचा आवाज बसला होता. "बघितलंस?" ते मला म्हणाले. "तिला कळलं. दुभत्या जनावराचं दुभत्याला कळतंय. आपल्याला सांगाय लागतंय."

मी पायानं रस्त्यावरची पेंड गटाराकडं सारली. "व्हय काका," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात कमी विनोदी वाक्य असेल.

काकांचा गुडघा बदलून आता बरेच महिने झाले. काठी घेऊन गोठ्यात येतात. मोनाला आठ लागायला लागलंय, आणि ते त्याचं श्रेय पाडव्याला देतात. गाडी कोपऱ्यात आहे, तिच्यावर देवमाशाची ताडपत्री. डॉक्टर म्हणतात आता हळूहळू गाडी चालवायला हरकत नाही, किक दुसऱ्यानं मारून द्यावी. मी मारायला तयार आहे. मी फ्लेक्सच्या दुकानातली नोकरी सोडलेली नाही, ती पट्टी अजून मशीनच्या मागेच आहे, तेव्हा मला निदान एवढं तरी करू द्यावं.

रोज सकाळी मी दूध घालायला त्यांच्यासोबत निघतो तेव्हा ते ताडपत्री अर्धी उचलतात, टाकीवरची धूळ फडक्यानं पुसतात आणि विचारतात, "थांबलं का रं?"

मी मोबाईल काढतो. बघतो. "न्हाय काका. नवं जहाज बांधलंय त्यांनी."

"मोठं?"

"लई मोठं."

काका फडकं खांद्यावर टाकतात. "मग ऱ्हाऊ दे," म्हणतात. "उद्या परत बघ."

मग मी ताडपत्री ओढून घेतो. तिचा एकच कान आता शिल्लक आहे. तो इंजिनाखाली दुमडतो, म्हणून बाहेर काढून नीट सरळ करतो.